आधी ब्रेक, मग इंजिन



गेल्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाच्या वहीविषयी बोललो होतो. आज एका जुन्या गाडीविषयी बोलायचं आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात गाडी कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण कर्ज, हप्ता, वाद आणि समेट, सगळं या एका गाडीपायी आमच्या गटात झालं. म्हणून ऐका.

गाडी म्हणजे मॅटाडोर. चाळिशीच्या पुढच्या बायांना ती नक्की आठवत असेल. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, देवदर्शन, सगळीकडे तीच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी ती बनवायची. १९६९ साली ती निघाली आणि पुढं तीस-एक वर्षं रस्त्यावर राहिली. त्या कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं. आता मॅटाडोर बनत नाही. दिसली तर कुठं तरी झाडाखाली उभी दिसते.

आमच्या गटात एक काकू आहेत, वय बासष्ट. त्यांचे यजमान प्राथमिक शाळेत गुरुजी होते. गुरुजींना फिरायचं भारी वेड, पण लॉजचं भाडं परवडायचं नाही. म्हणून त्यांनी एक वापरलेली मॅटाडोर घेतली आणि गावच्या सुताराला हाताशी धरून तिच्यात घरच बसवलं. मागची आसनं कमी करून फळ्यांचा पलंग केला. पलंगाखाली अंथरुणाचे आणि भांड्यांचे कप्पे. दाराजवळ स्टोव्हपुरता ओटा, तोटी बसवलेला पाण्याचा डबा, खिडक्यांना काकूंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. हल्ली असल्या गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. गुरुजी तिला ‘बिऱ्हाड’ म्हणायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ना, तसं. त्या गाडीतून काकूंनी गाणगापूर पाहिलं, हंपी पाहिली, रामेश्वर पाहिलं.

पुढं गुरुजी गेले. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली ती नऊ वर्षं. वर कडब्याच्या पेंढ्या, आत कोंबड्या, चाकं मातीत रुतलेली. मुलं पुण्याला नोकरीला. ती म्हणायची, “आई, जागा अडलीय, देऊन टाक.” भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला. काकू “बघू, बघू” म्हणत दिवस ढकलत होत्या.

आता आमची अडचण सांगतो. आम्ही बाराजणी. कृष्णाकाठचं आमचं गाव, त्यामुळं हळद घरचीच. हळद पूड, कांदा-लसूण मसाला आणि शेवया करतो. गावात विकून चार पैसे सुटतात, पण खरी विक्री प्रदर्शनातच. प्रदर्शन म्हटलं की रात्रीचा मुक्काम आला. एका शहरात आम्ही चौघी गेलो होतो. राहण्याची सोय सांगितली होती, ती मैदानापासून लांब निघाली. माल सोडून जाता येईना. मग दोघींनी टेबलाखाली झोपायचं आणि दोघींनी जागायचं. स्वच्छतागृहाला रात्री कुलूप. म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीला लघवीला जळजळ सुरू झाली आणि ताप भरला. घरी आल्यावर तिच्या सासूबाई म्हणाल्या, “विक्री गेली खड्ड्यात, पुन्हा जायचं नाही.” त्यांचं काय चुकलं? त्यानंतर प्रदर्शनाची दोन पत्रं आली. बैठकीत वाचून दाखवली. एकीनंही हात वर केला नाही.

त्या बैठकीत कुणी तरी गमतीनं म्हणालं, “काकू, तुमचं बिऱ्हाड चालू असतं तर बरं झालं असतं!” आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या शेडमधला कडबा काढत होत्या.

मैत्रिणींनो, इथं आम्ही एक चूक करणार होतो. आम्हाला वाटलं, मिस्त्री आणायचा, बॅटरी लावायची, चावी मारून बघायची. सुरू झाली तर झाली. मिरजेचे एक वयस्कर मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी उभी हयात मॅटाडोर दुरुस्त केल्या. चाचा आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आत बसून ब्रेकवर पाय दिला. पाय थेट तळाला टेकला. चाचा म्हणाले, “ताई, ही आता चालू झाली तर थांबवणार कशी? आधी ब्रेक, मग इंजिन.”

ते वाक्य आम्ही इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या ओळीला लिहिलं. कारण पैशाचंही तसंच आहे. जुन्या वस्तूत पैसा घालायला सुरुवात केली की ती मागतच राहते. एवढे घातले, आता आणखी थोडे, असं करत माणूस बुडतं. म्हणून खर्चालाही आधी ब्रेक हवा.

बैठकीत वाद झाला. आमच्या खजिनदार म्हणाल्या, “उद्या घरची माणसं विचारतील, मसाल्याचा पैसा भंगारात का घातला? काय सांगायचं?” प्रश्न बरोबर होता. शेवटी ठरलं ते असं. गाडी काकूंची, काकूंच्याच नावावर राहणार. गटानं गाडीत पैसा घालायचा नाही. नेहमीच्या नियमानं काकूंना चाळीस हजारांचं कर्ज द्यायचं. फेड त्या त्यांच्या फॅमिली पेन्शनमधून महिन्याच्या हप्त्यानं करणार. वीस हजार त्यांचे स्वतःचे. एकूण साठ हजार, त्यावर एक रुपया नाही. आणि तीन गोष्टींपैकी एक जरी निघाली तर तिथंच थांबायचं आणि भंगारवाल्याला बोलवायचं. एक, कागद होण्यासारखे नसतील तर. दोन, चासी गंजून आरपार गेली असेल तर. तीन, इंजिनाला तडा असेल तर. खाली बाराजणींच्या सह्या झाल्या. काकूंनी सही करताना पेन जरा वेळ हातात धरून ठेवलं, पण केली.

आता एकेक काम सांगतो. तुमच्याही दारात एखादी बंद गाडी असेल, तर उपयोगी पडेल.

पहिलं काम कागदांचं. मालक गेल्यावर वारसानं आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं. तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायचा अर्ज द्यायचा असतो, त्याचा फॉर्म ३१ नंबरचा. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दंड भरावा लागला. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं गाडीची तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. चारचाकीची ही फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाली. असे आकडे बदलत असतात आणि जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा, म्हणून आधी चौकशी करा, मग हिशेब मांडा. आमचं नशीब असं की गुरुजी कागदाला पक्के. गाडीत केलेल्या बदलाची नोंद त्यांनी आरसी पुस्तकात तेव्हाच करून घेतली होती. पुस्तक ट्रंकेत काकूंच्या शालूखाली सापडलं. ती नोंद नसती तर पलंग काढावा लागला असता, आणि मग गाडी कशाला चालू करायची?

दुसरं काम चासीचं. चाचांनी गाडी जॅकवर उचलली, पण खाली जाण्याआधी लाकडी ठोकळे लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. हातोडीनं ठोकत ठोकत ते मागं गेले. जाड आवाज आला की पत्रा शाबूत, फुसका आला की गंज. दोन ठिकाणी पत्रा बदलावा लागला. चासी मात्र टणक निघाली.

तिसरं काम ब्रेकचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळं उभ्या गाडीचे ब्रेक आतून गंजतात. चारी चाकांच्या सिलिंडरची रबरं बदलली, मास्टर सिलिंडर नवा घातला, पाइप बदलले, नवीन ऑइल भरलं. ड्रम कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लेथवर घासून आणले. लायनर काढताना आमच्यातली एक जण धूळ फुंकायला गेली, तर चाचा ओरडलेच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात बसते. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं फेकून द्यायचं. इथवर निम्मे पैसे संपले होते आणि इंजिनला अजून हात लागला नव्हता. गावात लोक विचारायचे, “काय ताई, झाली का चालू?” आम्ही म्हणायचो, “थांबायला लागलीय.”

मग इंजिन. आमच्या गाडीतलं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर इथंच बनलेलं, चार सिलिंडरचं डिझेल. ह्याच इंजिनावर ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर चालायच्या, त्यामुळं सुटे भाग अजून मिळतात. चाचांनी आधी ऑइल पाहिलं. ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय, म्हणजे गॅस्केट गेलंय किंवा तडा आहे. आमचं काळंकुट्ट होतं. चाचा म्हणाले, “काळं चालेल, पांढरं नको.”

पण इंजिन फिरेना. पाना लावून पुलीवरून हातानं फिरवून बघितलं, जागचं हललं नाही. चाचांनी हीटर प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि निघून गेले. जाताना सांगितलं, “जोर लावायचा नाही. सेल्फ मारायचा नाही. रोज सकाळी पाना लावून नुसतं विचारायचं.” काकू रोज सकाळी दूध काढून झालं की पाना लावायच्या. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, काही नाही. चौथ्या दिवशी खजिनदारबाई हळूच म्हणाल्या, “काकू, वहीत काय लिहिलंय ते लक्षात आहे ना?” काकू म्हणाल्या, “आहे. रविवारपर्यंत बघू. मग मीच फोन करीन भंगारवाल्याला.” शनिवारी पुली बोटभर हलली. मग उलटी बोटभर. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा झाला. कुणी जोर केला असता तर आतला दांडा वाकला असता, हे चाचांनी नंतर सांगितलं.

त्यानंतर डिझेल. नऊ वर्षांचं डिझेल टाकीतून काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. टाकी उतरवून आतला गंज धुतला. फिल्टर नवे घातले. डिझेलच्या नळीत हवा अडकली की इंजिन सुरू होत नाही. हातपंपानं हवा धरल्यावर पाणी येत नाही ना, अगदी तसंच. नट सैल करून हाताच्या पंपानं डिझेल ढकलायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ धार. मग नट घट्ट करायचा. पण एक सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना नोझलच्या गळक्या नळीपुढं हात नेऊ नका. ती धार इतकी जोराची असते की कातडीत घुसते.

वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या बदलल्या. रेडिएटरचा गाळ काढला. टायर वरून चांगले दिसत होते. चाचांनी टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. आमचे टायर गाडी उभी राहायच्या आधीपासूनचे निघाले. नक्षी शाबूत, पण रबराला भेगा. चारी बदलले.

सगळं झाल्यावर चाचांनी चावी काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, “मी आजवर त्या बाजूला कधी बसलेच नाही.” रामेश्वरपर्यंत गेलेली बाई, पण कायम डावीकडं बसलेली. चढल्या. चाचांनी सांगितलं, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. दिवा विझला. चावी फिरवली. दोनदा नुसता खरखराट. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट आला, शेडमधल्या कोंबड्या उधळल्या आणि इंजिन धडधडायला लागलं. चाचा कुणाकडं बघत नव्हते. ते रेडिएटरच्या तोंडाशी वाकून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहत होते. दहा मिनिटं पाहिलं. नाही आले. धूर विरत गेला. मग ते म्हणाले, “काकू, आता ब्रेक दाबा.” काकूंनी दाबला आणि पाय वरच थांबला.

साठ हजारांतले शेवटचे पैसे विमा, पीयूसी आणि आरटीओच्या तपासणीसाठी राखून ठेवले होते. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून तपासणीला ती दुसऱ्या गाडीवर चढवून नेली. रंगाला पैसे उरले नाहीत. म्हणून गाडी आजही दोन रंगांची आहे, जुनी पिवळी आणि जिथं पत्रा बदलला तिथं करडी. मुलं हसतात, हसू देत. साठ हजार म्हणजे साठ हजार.

गाडी कोण चालवणार? आमच्यातल्या धाकट्या दोघींनी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकाऊ परवाना काढला, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा दिली. एक पहिल्या खेपेला पास झाली, एक दुसऱ्या. मॅटाडोरचं स्टिअरिंग जड आहे, दंडात गोळे येतात. पण हिची ताकद पुढच्या चाकांना असल्यामुळं मागचा तळ खाली आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईलाही चढता येतं.

आमचे काही नियम आहेत. गाडी भाड्यानं द्यायची नाही, भाडं घेऊन कुणाला बसवायचं नाही, गाडीतून विक्री करायची नाही, कारण त्यासाठी नोंदणी वेगळी लागते. माल टेम्पोनं जातो. या गाडीनं फक्त आम्ही जातो, डिझेल वाटून घेतो. अंधार पडल्यावर चालवायची नाही. आणि झोपायच्या गाडीत सगळ्यांत महत्त्वाचं, स्वयंपाक गाडीबाहेर. रात्री आत स्टोव्ह, शेगडी, काही पेटतं ठेवायचं नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातं. म्हणून ओटा आहे तसा ठेवला, पण त्यावर आता पाण्याच्या कळश्या असतात. आणि पडद्यामागं झाकणाची बादली. सांगायला संकोच वाटायला नको. त्या बादलीमुळंच आम्ही आता दिवसभर पाणी पितो.

दिवाळीआधीच्या चार दिवसांच्या प्रदर्शनाला आम्ही पाचजणी गेलो. गाडी मैदानाच्या कडेला, आमच्या टेबलाच्या मागं लावायची परवानगी आधी लेखी घेतली होती. दोघी आळीपाळीनं मालाजवळ, तिघी आत आडव्या, दाराला आतून कडी. ज्या सासूबाई “पुन्हा जायचं नाही” म्हणाल्या होत्या, त्या या खेपेला स्वतः बरोबर आल्या. सुनेची राखण करायला आले, असं त्या म्हणाल्या. पहिल्या रात्री पलंगावर त्या सगळ्यांत आधी घोरायला लागल्या.

काकूंचे हप्ते वेळेवर चालू आहेत. अजून अकरा बाकी आहेत. धाकटा मुलगा परवा आला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसला, खिडकीचा पडदा हातात धरून बराच वेळ गप्प होता. जाताना म्हणाला, “आई, पुढच्या सुट्टीत हंपीला जाऊ या का?” काकू म्हणाल्या, “जाऊ. पण प्रदर्शनाच्या तारखा बघून सांगते.”

मैत्रिणींनो, प्रत्येक जुनी गाडी चालू करावी असं आम्ही म्हणत नाही. आमचं इंजिन रविवारपर्यंत फिरलं नसतं, तर ती भंगारात गेली असती आणि आम्ही दुसरी वाट शोधली असती. पण दारात काही बंद पडून असेल, गाडी असो, गिरणी असो नाही तर शिलाई मशीन, तर चावी फिरवण्याआधी एक वही घ्या. कागद आहेत का, सांगाडा धड आहे का, आणि आपण कुठं थांबणार, एवढं त्यात लिहा. खाली सह्या करा. मग हात घाला.

पुढच्या वेळी शेवयांच्या यंत्राच्या देखभालीविषयी बोलू. तोवर नमस्कार.